पूर्वजन्माच्या अनुभवांचा अर्थ कसा लावावा?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या युनियनच्या कचेरीत एक सभासद भगिनी आल्या. दिवस बोनसचे, तेव्हा तक्रारही बोनसचीच असणार असे धरून आम्ही वही उघडली. बाई म्हणाल्या, "भाऊ, बोनसचं नंतर बघू. पतपेढीतून सहा हजार उचल मिळंल का?" कशासाठी म्हणून विचारले, तर पूर्वजन्म पाहण्यासाठी!

या बाई सोळा वर्षे यंत्रमागासाठी कांड्या भरतात. मान खाली, हात यंत्राजवळ, दिवसाचे दहा तास. मान दुखते, रात्री झोप नाही, दोन डॉक्टर करून झाले. शेजारणीने सांगितले की, जवळच्या शहरात एक गृहस्थ संमोहनाने माणसाला मागच्या जन्मात नेतात, दुखण्याचे मूळ दाखवतात, आणि मूळ दिसले की दुखणे जाते. आम्ही पहिल्याने चिडलो. मग विचार केला की, बाईंनी पैसा स्वतःच्या घामाचा उचलला आहे, मान त्यांची दुखते आहे, आणि आमच्याजवळ त्या मानेवर कोणता उपाय आहे? सोळा वर्षांत आम्ही मजुरीचे दर वाढवून घेतले, पण त्यांच्या मानेची चौकशी कधी केली नव्हती. एकटीने जायचा धीर होईना म्हणून त्यांनी आम्हालाच बरोबर चला म्हटले आणि आम्ही गेलो. त्यातून या विषयाची गोडी लागली, वाचन झाले, आणि आज हे चार शब्द आपल्यापुढे ठेवीत आहोत. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण नगरवाचनालयाने केले आणि उरलेले कामगार न्यायालयाने. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. साक्षीदार कसा ऐकावा एवढे मात्र आम्हाला थोडेफार कळते, आणि या विषयात तेच उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे.

पद्धत अशी असते. खोलीत मंद उजेड. माणसाला निजवतात, डोळे मिटायला सांगतात. पायाच्या बोटांपासून एकेक अवयव सैल सोडवीत डोक्यापर्यंत येतात. मग मनातल्या मनात एक जिना उतरायचा. दहा, नऊ, आठ असे आकडे ऐकत खाली यायचे, आणि तळाशी एक दार असते ते उघडायचे. "आता पायांकडे पाहा. पायात काय आहे? अंगावर वस्त्र कसले आहे? आसपास कोण आहे?" येथून कथा सुरू होते. माणूस बेशुद्ध नसतो. त्याला खोलीतला आवाज ऐकू येतो, पुढे सगळे आठवतेही. पण डोळ्यांपुढे चित्रे उभी राहतात, ऊर भरून येतो, अंगावर काटा येतो. तो ढोंग करीत नाही. ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे, कारण आमच्या बुद्धिवादी मित्रांची घाई बहुधा येथेच होते. अनुभव खरा असतो. वाद आहे तो अनुभव कशाचा, एवढाच.

हे सगळे आपल्याकडे अगदी नवे नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत पूर्वजन्मांच्या ज्ञानाचा उल्लेख दोन ठिकाणी आहे. तिसऱ्या पादात ते संस्कारांच्या साक्षात्काराने होते असे सांगितले आहे, आणि दुसऱ्या पादात ज्याचा अपरिग्रह स्थिर झाला त्याला ते होते असे म्हटले आहे. अपरिग्रह म्हणजे साठा न करणे. हल्ली हे ज्ञान साठा न करणाऱ्याला होत नसून ज्याच्या गाठीला सहा हजार आहेत त्याला तासाभरात होते, इतका फरक पडला आहे खरा. आजची पद्धत मात्र योगशास्त्रातून आलेली नसून पाश्चात्त्य संमोहनातून आली आहे. अमेरिकेत १९५६ साली 'ब्रायडी मर्फी' नावाच्या आयरिश बाईच्या जन्माचे प्रकरण पुस्तकरूपाने गाजले. १९८८ साली ब्रायन वाइस या मनोविकारतज्ज्ञाच्या पुस्तकाने तिला उपचाराचे रूप दिले. आणि २००९ च्या डिसेंबरात आपल्याकडे 'राज़ पिछले जनम का' या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमाने ती घरोघर पोचवली. लहान मुले आपण होऊन पूर्वजन्मीचे गाव सांगतात, तो प्रश्न निराळा. दिल्लीच्या शांतीदेवीचे १९३५ च्या सुमाराचे प्रकरण अनेकांनी ऐकले असेल. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी अशा मुलांच्या हकिगती गोळा करण्यात हयात घालविली, पण संमोहनाने काढलेल्या जन्मांवर त्यांचाही भरवसा नव्हता. पुनर्जन्म आहे की नाही याचा निकाल येथे द्यावयाचा नाही. आम्ही स्वतः तो मानीत नाही. पण मानणाऱ्यालाही पुढील विवेचन तितकेच लागू पडेल.

आमच्या वाचनात आलेल्या सगळ्या हकिगतींत आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती जिनेव्हाची, आणि तिचा आपल्या पश्चिम किनाऱ्याशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जिनेव्हा शहरात एलीझ म्यूलर नावाची एक अविवाहित स्त्री एका व्यापारी पेढीत नोकरी करीत होती. कामात चोख, वागण्यात सरळ. फावल्या वेळी मित्रमंडळींच्या बैठकीत तिला तंद्री लागे आणि त्या अवस्थेत ती आपले मागचे जन्म जगे. या बैठकींबद्दल तिने कधी पैसा घेतला नाही. तेथील विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर फ्लूर्न्वा १८९४ च्या अखेरीस तिच्या बैठकींना जाऊ लागले आणि पाच वर्षे त्यांनी बारीक टिपणे ठेवली. १९०० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यात तिला एलेन स्मिथ असे नाव दिले आहे. एका जन्मी ती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत होती. एका बाजूला तिचा मंगळावरही संचार होता आणि ती मंगळाची भाषा बोले. त्या भाषेचे व्याकरण हुबेहूब फ्रेंचसारखे निघाले, तो भाग आम्ही सोडून देतो.

आपल्या कामाचा आहे तो तिचा हिंदुस्थानी जन्म. त्या जन्मी ती एका अरब शेखाची मुलगी. कानडा प्रांताच्या सिव्रूका नायक नावाच्या राजाशी तिचा विवाह झाला, तिचे नाव सिमान्दिनी पडले (आमच्या कानाला ते सीमंतिनीसारखे लागते), राजाने १४०१ साली चंद्रगिरीचा किल्ला बांधला, आणि राजा वारल्यावर ती सती गेली. हा राजा म्हणजे पूर्वजन्मीचे प्राध्यापक फ्लूर्न्वाच, असेही तिने तंद्रीत सांगितले! तंद्रीत ती संस्कृतसारखे काही बोले. ते त्यांनी फर्दिनां द सोस्यूर या थोर भाषापंडिताला ऐकवले. त्याचा अभिप्राय असा की हे संस्कृत नव्हे, पण त्यात संस्कृताचे काही तुकडे आहेत.

फ्लूर्न्वांनी इतिहासाच्या जाणकारांना पत्रे घातली. सिव्रूका कोणालाच ठाऊक नाही. मग एके दिवशी द मार्लेस नावाच्या फ्रेंच लेखकाचा हिंदुस्थानाचा जुना इतिहास त्यांच्या हाती लागला, १८२८ सालचा. त्यात ओळ सापडली: कानडा, चंद्रगिरी, सिव्रूका नायक, १४०१. सगळे जसेच्या तसे. जिनेव्हाच्या ग्रंथालयांत हे पुस्तक धूळ खात पडलेले होते. आपण ते कधी पाहिले नाही असे ती शपथेवर सांगे, आणि ते तिच्या नजरेखालून कधी गेले हे फ्लूर्न्वांनाही त्या ग्रंथात सिद्ध करता आले नाही. ती खोटे बोलत होती असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी म्हटले की, वाचलेले, ऐकलेले मनात राहते, कोठून आले ते पुसले जाते, आणि पुढे ते नवीन आठवण म्हणून वर येते. आपण याला विसरलेली आठवण म्हणू.

आता आमची भर. चंद्रगिरीचा किल्ला कासरगोडजवळ आहे, आज तो मुलूख केरळात मोडतो. तो केळदीच्या शिवप्पा नायकाने बांधला असे मानतात, आणि शिवप्पा नायक सतराव्या शतकातला, शिवाजी महाराजांचा समकालीन. म्हणजे १४०१ हे साल अडीचशे वर्षांनी चुकलेले, आणि 'सिव्रूका' हे बहुधा शिवप्पाचेच बिघडलेले रूप. राणीला आपल्या नवऱ्याचे नाव आणि काळ फ्रेंच ग्रंथकाराच्या चुकीसकट आठवावा हे कसे? दोन साक्षीदारांच्या लेखी जबान्यांत एकाच शब्दाची तीच चूक निघाली, तर कोर्टातला नवशिका वकीलही ओळखतो की दोन्ही कागद एका हातचे आहेत.

पण येथे थांबणे म्हणजे हातचे घालवणे होय. साक्ष इतिहासाबद्दल खोटी ठरली, म्हणून ती निरर्थक ठरत नाही. फ्लूर्न्वांनी लिहिले आहे की, या बाईला लहानपणापासून आपण या घरचे नव्हे असे वाटे. आपण खरोखर तुमचीच मुलगी ना, असे तिने आईबापांना विचारलेही होते. दिवसभर दुसऱ्याच्या पेढीत राबणारी, आपली योग्यता यापेक्षा मोठी आहे हे मनोमन जाणणारी, आणि ते उघड बोलायला जागा नसलेली ही स्त्री. तंद्रीत ती राजकन्या होते, राणी होते, परग्रहावर जाते. तिची कहाणी कानडा प्रांताविषयी काही सांगत नाही. जिनेव्हातल्या नोकरीविषयी मात्र फार सांगते. पुस्तक गाजल्यावर एका श्रीमंत अमेरिकन बाईने तिच्या निर्वाहाची सोय केली, तिने नोकरी सोडली आणि पुढे ती धार्मिक चित्रे रंगवू लागली. आमच्या मते सिमान्दिनीला जे हवे होते त्यातले काही एलीझला अशा रीतीने मिळाले.

स्मृती म्हणजे कुलुपात ठेवलेला दप्तराचा गठ्ठा नव्हे, हे अलीकडच्या संशोधनाने पुरते दाखवून दिले आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ माणसांना, "तुम्ही लहानपणी बाजारपेठेत हरवला होता," असे त्यांच्या नातेवाइकांचा हवाला देऊन सांगण्यात आले. ते घडलेच नव्हते. तरी सुमारे चौथ्या हिश्शाला ते थोडेफार आठवू लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ सालीच बजावले की, संमोहनात सांगितलेल्या आठवणी अधिक खऱ्या नसतात, त्यांत कल्पित भर पडते. कॅनडातील निकोलस स्पॅनोस यांनी तर पूर्वजन्मांवरच प्रयोग केले. मागच्या जन्मी अमुक तऱ्हेचे आयुष्य असते असे आधी कानावर घातले की कथांत तेच येई. एक जण स्वतःला १९४० सालचा जपानी लढाऊ वैमानिक म्हणवीत होता, पण जपान तेव्हा शांततेत होता असे सांगे. वास्तविक चीनशी त्याचे युद्ध १९३७ पासून चालूच होते.

आमच्या बाईंच्या बैठकीत आम्ही कोपऱ्यात बसून होतो. ते गृहस्थ सुस्वभावी होते, फसवण्याचा त्यांचा हेतू मुळीच नव्हता. पण बाईंनी वाडा दिसतो, माणसांची गर्दी दिसते, एवढे म्हणताच त्यांनी विचारले, "गळ्याभोवती काही जाणवतंय का?" बाई क्षणभर थांबून म्हणाल्या, "दोर." कोर्टात सरतपासणीला असा सूचक प्रश्न कोणी विचारू गेला तर न्यायाधीश हात वर करतात. येथे हात वर करणारा कोणी नव्हता. बाईंना मागच्या जन्मी फाशी झाली होती, असे ठरले.

मग त्यांनी आम्हालाही आग्रह केला, आणि आम्ही कुतूहलाने निजलो. खरे सांगायचे तर काही दिसेल अशी अपेक्षा नव्हती. पण दिसले. गलबताचा तळमजला, अंधार, कुबट वास. बाकांवर साखळदंडाने जखडलेली उघडी माणसे वल्ही मारताहेत. आणि आम्ही वल्ह्यावर नव्हतो. आम्ही समोर बसून दोन हातोडे घेऊन नगारा वाजवीत होतो, आणि त्या ठेक्यावर ती माणसे वाकत होती. आम्ही घामाघूम होऊन उठलो.

तीन आठवडे ते चित्र पाठ सोडीना. मग एका सकाळी दाढी करताना उलगडा झाला. पंधरासोळा वर्षांचे असताना कोल्हापुरात सकाळच्या खेळाला 'बेन हर' पाहिला होता, १९५९ सालचा. त्यात हेच गलबत, हेच साखळदंड, हाच नगारा. पुढे वाचनात असे आले की, रोमन आरमाराच्या गलबतांवर वल्ही मारणारे बहुतेक मोकळे, पगारी लोक असत. साखळदंडातले गुलाम ही कादंबरीची आणि चित्रपटाची करामत. म्हणजे सिव्रूकाप्रमाणे आमचा जन्मही चुकीसकट उसना आणलेला होता! आम्हाला हसू आले.

हसू ओसरल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला. त्या चित्रपटात नायक वल्ह्यावर आहे. पंधरा वर्षांच्या पोराने स्वतःला नायकाच्या जागी पाहावे की नगारेवाल्याच्या? तीस वर्षे कामगारांत काम केलेल्या माणसाच्या मनाने एवढ्या मोठ्या चित्रपटातून नेमका तो एक इसम का निवडला? याचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वीच्या एका संपात विसाव्या दिवशी तडजोड होत होती. लोकांची चूल थंड झाली होती, पुष्कळांना ती तडजोड हवी होती. आम्ही सभेत गर्जना केली, टाळ्या घेतल्या, आणि संप चाळीस दिवस चालवला. पदरात पडले ते विसाव्या दिवशीचेच. घरी बायको तेव्हा म्हणाली होती, "तुम्ही बोलता, उपाशी ते राहतात." आम्ही तो शब्द मनाआड केला होता. तो नगारा होऊन परत आला. त्यानंतर संपाचा निर्णय आम्ही गुप्त मतदानावर टाकू लागलो, आणि गेल्या दोन वेळा आमच्या मताविरुद्ध कौल गेला.

तेव्हा अशा अनुभवाचा अर्थ लावायचा तो या रीतीने. 'मी कोण होतो' हा प्रश्न बाजूला ठेवावा, कारण त्याचे उत्तर बहुधा वाचलेल्या पुस्तकात आणि पाहिलेल्या पडद्यावर असते. त्याऐवजी, इतक्या साठ्यातून माझ्या मनाने हेच का उचलले, हे विचारावे. कथेत आपण काय करतो आणि काय करायचे टाळतो? कोणाला तोंड द्यावे लागते? जी भावना दाटून आली, ती चालू आयुष्यात कोठे भेटते? हे प्रश्न दुसऱ्याने सोडवून देऊ नयेत. त्याने सोडवले की उत्तर त्याचे होते. एकट्याने, कागदावर लिहून, आठ-पंधरा दिवस जाऊ देऊन पाहावे. घाईने आलेला अर्थ बहुधा आपल्याला सोयीचा असतो. ज्या अर्थाने आपली थोडी तरी पंचाईत होते, तो जवळचा समजावा.

एका ठिकाणी मात्र कडक राहावे लागेल. कथा दुसऱ्यावर आरोप करू लागली किंवा आपल्यालाच गुन्हेगार ठरवू लागली, तर तेथे थांबावे. मागच्या जन्मी जिने विष घातले ती म्हणजे आजची सासू, असा शोध लागून मोडलेले घर आमच्या माहितीत आहे. आणि दुसरी बाजू याहून जुनी आहे. १९९८ साली आमच्या एका सोबत्याची तीन बोटे यंत्राच्या दातेरी चाकात गेली. चाकावर झाकण नव्हते. तो भरपाईचा अर्ज करीना. म्हणे, "मागल्या जन्मी कुणाचे हात तोडले असतील, ते फेडतोय." त्याला कोणी संमोहन केले नव्हते, आपल्या भाषेनेच ते केले होते. संचित, भोग, मागल्या जन्मीचे देणे, हे शब्द आपण आईच्या दुधाबरोबर घेतो. १९२३ च्या कायद्याप्रमाणे अर्जाची मुदत दोन वर्षांची. बाविसाव्या महिन्यात त्याने अंगठा उठवला. अंगठा सुदैवाने शाबूत होता. भरपाई मिळाली, आणि त्या कारखान्यातल्या चाकांना झाकणे बसली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांनी हेच दाखवले आहे की, माणसाच्या दैन्याचे कारण गतजन्मीच्या कर्मात ठेवले की समाज आणि राज्य दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात. मान का दुखते याचे उत्तर दोरात सापडले की बाकाची उंची कोणी मोजत नाही.

ज्यांना भास होतात, फेफरे येते किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांची वाट मनोविकाराच्या डॉक्टरकडे जाते. इतरांना यापासून समाधान मिळते हे आम्ही नाकारीत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पूर्वजन्म आठवतो म्हणणाऱ्यांना मरणाची धास्ती कमी आणि जगण्यात अर्थ अधिक वाटतो असे आढळले. याच अभ्यासकांच्या २००९ च्या दुसऱ्या पाहणीत, अशी माणसे प्रयोगशाळेतल्या साध्या शब्दांच्या आठवणीतही इतरांपेक्षा अधिक चुकतात असे दिसले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. समाधान हा पुरावा नव्हे, आणि पुरावा नाही म्हणून समाधान खोटे ठरत नाही.

आमच्या बाईंना त्या बैठकीनंतर महिना-दीड महिना चांगली झोप लागली. मानेचे दुखणे मात्र होते तसेच. मग एकदा आम्ही त्यांना दोराबद्दल विचारायचे सोडून, दोराच्या आधी काय झाले ते विचारले. बाई पुष्कळ वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सगळी बघत हुती. मला खरं म्हाईत हुतं, पण मी काय बोलले न्हाई." सोळा वर्षांत बाईंनी युनियनच्या सभेत तोंड उघडल्याचे आम्हाला आठवत नव्हते. जानेवारीच्या सभेत त्या उठल्या आणि कांडी यंत्रापुढच्या बाकांविषयी बोलल्या. बाक इतके बुटके की मान वाकवल्याशिवाय हात पोचत नाही, हे त्यांनी उभे राहून, वाकून दाखवले. मागून चार बायका उठल्या, त्यांच्याही माना दुखत होत्या. मालकाशी तीन बैठका झाल्या. नवे बाक जुन्यापेक्षा वीतभर उंच आहेत आणि पाठीला टेकू आहे.

मान आता पुष्कळ बरी आहे. दोर उतरला म्हणून बरी झाली, असे बाई सांगतात. आम्ही वाद घालीत नाही. उचलीचे चार हप्ते राहिले आहेत, ते त्या वेळेवर भरतात.